पाय त्याचे, नेम तिचा

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या लिफ्टच्या टपावर उभं राहताना जो कधी घाबरला नाही, तो अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाहेरच्या खोलीतली खुर्ची सोडायला तयार नव्हता. उजवी बाजू लुळी पडलेली. डॉक्टर म्हणाले, चालला तर सुधारेल, बसून राहिला तर कायमचा बसेल. मी थोरली बहीण, मुद्दाम येऊन राहिले. गोड बोलून झालं, खेकसून झालं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी! "ताई, पडलो तर?" एवढंच म्हणायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. माझा जीव तीळतीळ तुटायचा, आणि जीव तुटला की माझं तोंड जास्तच चालतं.

भावजय चष्म्याच्या दुकानात काचा घासते. घासताना तिचा हात केसभरही हलत नाही. लग्नानंतर दोघांनी एक जुना कॉम्प्युटर आणला आणि त्यावर भुताखेतांचे, बंदुकांचे खेळ सुरू झाले. मला तेव्हापासून त्या खेळांचा तिटकारा. दिवेलागणीला घरात नुसतं ठो ठो आणि किंकाळ्या! खेळायची तऱ्हाही जगावेगळी. खुर्चीला खुर्ची लावून बसायचे. डाव्या हाताने कीबोर्डवर चालवायचा तो, माउस धरून गोळ्या घालायची ती. पाय त्याचे, नेम तिचा. वर्षानुवर्षं हेच, त्यामुळे एकट्याने खेळायला दोघांपैकी कोणीच शिकलं नाही.

परवा रविवारी दुपारी भावजयीने आतल्या खोलीतल्या त्या डबड्यावरची धूळ झटकली.

"वन्सं, आमचा जुना खेळ लावते जरा. डोकं भणाणलंय नुसतं."

"लाव बाई," मी म्हटलं. "घरात भुतांचीच तेवढी कमी होती."

थोड्याच वेळात किंकाळी. मग आणखी एक. मी डोकावले. पडद्यावर अंधारा बोळ, सडकी प्रेतं चालून येताहेत, आणि ही एका जागी खांबासारखी उभी राहून धडाधड गोळ्या घालतेय. समोरच्यांना लोळवते, तोवर मागून कोणीतरी हिचाच फडशा पाडतो.

"अगं, हल की जरा!"

"मला चालता कुठे येतं, वन्सं? ते यांचं काम."

तेवढ्यात नुसत्या आवाजांवरून ओळखून बाहेरून भाऊ ओरडला, "मागे सर! डावीकडे दार आहे!"

तिने भलतंच बटण दाबलं आणि थेट भुताच्या मिठीत गेली.

"अगं, काय करतेस! डावीकडे म्हटलं ना!"

"नाही सापडत हो!"

"अरे देवा, मेली परत!" भाऊ बाहेरून करवादला.

खुर्ची करकरली. मी वळून बघते तर तो उठलेला. डावा हात भिंतीला, उजवा पाय फरफटत, तोंडाने बायकोचा उद्धार करत निघाला होता. मी धरायला धावले तर माझ्यावरच डाफरला, "बाजूला हो ताई, सगळ्या गोळ्या संपवेल ती!"

पडतो की काय, या धास्तीने मी दोन्ही हात पसरून त्याच्या मागे मागे दारापर्यंत गेले.

तो धपकन तिच्या शेजारी बसला, डावा हात कीबोर्डवर ठेवला. बोळातला माणूस मागे सरला, डावीकडे वळला, दारातून बाहेर पडला. भावजयीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण नेम एकही चुकला नाही.

रडू मलाही आलं. पण थोरलीनेच गळा काढला तर रुबाब काय राहिला? मी दारातूनच ओरडले, "आजच सगळी भुतं मारून टाकू नका रे मेल्यांनो! उद्याला ठेवा थोडी."