डिंकमावशीची बाटली

गॅरेजात तिला सगळे डिंकमावशी म्हणत. वीस वर्षं ती गाड्यांचे स्टिकर काढत होती. आधी हेअर ड्रायरने ऊब द्यायची, मग कोपरा नखाने अलगद उचलायची, उरलेला डिंक तेलाने पुसायची. एकाही गाडीचा रंग कधी गेला नव्हता.

आज शिक्षिकाबाईंच्या गाडीवर फडकं फिरवलं आणि ते लालभडक झालं. गाडीचा लाल रंगच निघाला होता. सर्दीने नाक चोंदलेलं, बाटलीतला वास कुठून येणार?

"तुझी बाटली रिकामी दिसली, म्हणून मीच माझं रंग पातळ करायचं थिनर भरलं," गॅरेजातच रंगकाम करणारा नवरा म्हणाला.

"माझ्या तेलाच्या बाटलीत?"

"ओरडू नकोस गं. बाई यायच्या आत रंगाचा फवारा मारतो. कळणारसुद्धा नाही."

तेवढ्यात बाई आल्याच. "झालं का, मावशी?"

तिने ते लाल फडकंच बाईंपुढे धरलं.