रेडिएटरला डब्याचं रबर

पंचवीस वर्षांपूर्वी मी आमच्या गाडीच्या रेडिएटरला जेवणाच्या डब्याचं रबर बसवलं. चांगलं बसलं होतं. त्यानंतर महिनाभर दोन जाणती माणसं गाडीतलं पाणी जातं कुठे ते शोधत होती, आणि मी त्यांना चहा करून करून दमत होते.

गाडी यांची. (हे म्हणजे माझे यजमान, बदलापूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे.) पन्नाशीत पहिली गाडी घेतली, तीही तिसऱ्या हातची. पण लाड असे, की तिला पुसायला माझ्या सुती साड्या फाटायच्या आतच फडकी होऊ लागल्या. एवढे लाड माझ्या पहिल्या बाळंतपणात झाले असते तर दुसरंही मी हसत केलं असतं.

एका रविवारी हे अंघोळीला गेले असताना मला वाटलं, आपणही गाडीचं पाणी बघावं. इंजिन थंड होतं, तेवढी अक्कल होती. रेडिएटरचं झाकण फिरवून काढलं. आतल्या काळ्या रबराला मळ चिकटला होता. मळ दिसला की मला राहवत नाही. नखाने खरवडला, तर मळासकट रबरच तुटून हातात आलं!

सरळ सांगून टाकायचं ना? पण मी तेव्हा फार हुशार होते. आत गेले, यांच्या डब्यातल्या आमटीच्या छोट्या डबीचं रबर काढलं, कात्रीने थोडं कातरलं आणि झाकणात दाबून बसवलं. तुटकं रबर तूरडाळीच्या डब्यात पुरलं. हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा मी पोळ्या लाटत होते.

दुपारी अंबरनाथहून मांजर्लीला नणंदेकडे निघालो. बदलापूर येईतो इंजिनच्या तापमानाचा काटा लालपर्यंत चढला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. नणंदेकडे आधी गाडीला पाणी मिळालं, मग आम्हाला.

मग बुवापाड्याहून बबन मिस्त्री आले. गडी शांत. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी, पुन्हा काठोकाठ भरलं आणि गाडीखाली पुठ्ठा पसरला. गळत असेल तर पुठ्ठ्यावर डाग पडेल, म्हणाले. सकाळी पुठ्ठा कोरडा. (त्यावर मांजर झोपलं होतं, तेही कोरडं.) दोन दिवस गाडी फिरवली, कूलंट पुन्हा कमी. मग त्यांनी तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेलात पाणी शिरलं तर ते दुधाच्या चहासारखं दिसतं म्हणे. तेल काळंच. संशय म्हणून पाइप बदलले, तरी पाणी कमी. वॉटर पंप बदलला, तरी कमी.

मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच मी चहात आलं जास्त घालत होते.

त्याच महिन्यात यांची ऑफिसची बॅग आतून पिवळी पडायला लागली. रोज धुवायची कोणी? मी दोनदा झापलं, "अहो, बॅग वाकडी धरता तुम्ही." माणूस गाडीपायी आधीच खचलेला. बरं म्हणाला.

शेवटी मिस्त्रींनी हवेचा पंप आणला. रेडिएटरचं झाकण काढायचं, त्याजागी हा पंप लावायचा, हवा भरायची. पंपाचा काटा उतरला तर कुठेतरी गळती. "वहिनी, हे जरा धरा," म्हणत त्यांनी काढलेलं झाकण माझ्याच हातात दिलं. अर्धा तास ते दोघं श्वास रोखून काट्याकडे बघत होते. काटा हलेना. हलेल कसा? चोर माझ्या मुठीत होता, आणि मुठीसकट दुसरा चोर शेजारी उभा होता.

मिस्त्रींनी हात टेकले. आता इंजिनच खोलावं लागेल, म्हणाले. त्यावर यांनी गाडी विकायचं ठरवलं. उल्हासनगरला एका दलालाशी बोलणंही केलं. निघायच्या सकाळी गाडी पुसता पुसता मला म्हणाले, "मलाच पारख नाही गं. जन्मात एक गाडी घेतली, तीही फुटकी निघाली." मी तोंड उघडलं. आणि काय विचारलं, तर "चहा टाकू?"

उल्हासनगरात दलाल दोन गल्ल्यांवर असताना काटा पुन्हा चढला. थांबलो ते नेमके एका स्पेअर पार्टच्या दुकानासमोर. गल्ल्यावर म्हातारे सिंधी शेठ. यांनी काय काय बदललं ते सगळं सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "साईं, ढक्कन बदला?"

ढक्कनाला काय होतंय, हे म्हणाले. इंजिन निवल्यावर शेठनी झाकण काढायला लावलं, उलटं करून पाहिलं, मग नाकाशी नेलं. "ये तो बिना सीटी का कुकर हो गया. प्रेशर ठहरता नहीं, पानी भाप बनके उड़ता है." मग माझ्याकडे वळून अगदी आदराने म्हणाले, "भाभी, इसमें से लसूण की बास क्यों आती है?"

"मिस्त्रीच्या हाताला असेल," हे म्हणाले. म्हणजे सुटकाही आयती चालून आली होती! पण गाडी दोन गल्ल्यांवर विकली जाणार होती, आणि लसूण खायचा दोष त्या बिचाऱ्या बबन मिस्त्रींवर. मग मी भर रस्त्यात, डबीपासून तूरडाळीपर्यंत, सगळं सांगितलं. शेठ पाठ फिरवून रॅकवर काहीतरी शोधायला लागले. खांदे हलत होते त्यांचे.

नवं झाकण बसलं. दलालाकडे न जाता आम्ही परत फिरलो. अंबरनाथपर्यंत काटा जागचा हलला नाही, आणि काट्यावरून यांची नजरही.

घरी आल्यावर हे थेट स्वयंपाकघरात गेले. आपला डबा काढला, आमटीची डबी उघडून झाकणाच्या रिकाम्या खाचेवरून बोट फिरवलं. ओरडतील म्हणून मी ओट्याला पाठ लावून उभी. त्यांनी डबी ओट्यावर ठेवली आणि थकल्या आवाजात म्हणाले,

"गाडीला रबर मिळालं, बरं झालं. आता हिलाही एक आण. महिनाभर बॅग सरळ धरून धरून खांदा गेलाय माझा."