ताईला सांगितलेला शेवट

आमच्या कुडवा गावात त्या काळी एका किराणा दुकानात कॉमिक्स भाड्यानं मिळत. सगळी हिंदी, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी टांगलेली. आज नेलं की उद्या संध्याकाळी परत. परत घेताना दुकानदार पानं मोजायचा. एखादं कमी निघालं की सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "पढ़ने को दिया था बेटा, खाने को नहीं."

मी सातवीत होतो. ताई दहावीची परीक्षा अर्ध्यावर सोडून घरी पडून होती. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. हाडं दुखायला लागली की ती उशी दातात धरायची, आणि दुखणं उतरलं की तिचा पहिला शब्द असायचा, "आणलं का रे?" मारामारीची पानं ती भराभर उलटायची. नायक कुठेतरी एकटा, मान खाली घालून बसलेला असला की तिथं मात्र थांबायची. "याले झोप येत असंल का रे?" असं काहीतरी विचारायची. मला हसू यायचं.

त्या उन्हाळ्यात ती शहरातल्या एका छोट्या खासगी दवाखान्यात आठ दिवस राहून, रक्त चढवून आली होती. आल्यापासून बोलणं कमी झालं होतं. आईनं मला चुलीपाशी बोलावून बजावलं, "तिच्यापुढं मरनाबिरनाचं काही काढू नको. समजलं?"

त्याच आठवड्यात मी आणलेल्या अंकात एक पूल कोसळतो. दोन मुली नदीत वाहून जात असतात, एक या काठाकडे, एक त्या. उडणारा नायक एकीलाच गाठू शकतो, आणि तो गाठतो ती त्याच्या ओळखीच्या घरची. शेवटच्या पानावर तो मुखवटा हातात घेऊन दुसरीच्या आईपुढे उभा आहे. त्याच्यामागे वाचलेली मुलगी, ओल्या कपड्यांत, जमिनीकडे पाहत. आई विचारते, माझी का नाही? त्यावरचं उत्तर छापलेलंच नव्हतं. गोष्ट तिथंच संपली होती.

मी ते रस्त्यातच वाचून काढलं होतं. आईचं बोलणं आठवलं. घराच्या मागे जाऊन मी शेवटचं पान घडीपाशी फाडलं. दुकानदाराचं उद्या पाहू, असं ठरवलं. मधोमध पिना मारलेल्या अंकात पहिलं आणि शेवटचं पान एकाच कागदाचं असतं, एवढं मात्र लक्षात आलं नाही.

ताईनं अंक उघडला तर पहिलं पान सुटून तिच्या मांडीवर पडलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. मग नेहमीसारखी सावकाश वाचत गेली आणि नायक एकीला उचलतो तिथं येऊन थांबली.

"मागचं पान?"

"दुकानातूनच तसं आलं."

"तो पानं मोजून घेते, बाबू."

मी निघायला वळलो.

"तू तर वाचलं असशील. मंग दुसरीचं काय झालं?"

"वाचली. तो परत उडत आला ना. दोघीही वाचल्या."

"दोघी?"

"हो."

"अन् मंग तो काय करून राहिला?"

"काय करंल? घरी गेला. मजेत."

मग सुटलेलं पान जागच्या जागी नीट बसवून तिनं अंक माझ्या हातात दिला. "नेऊन दे. मी फाडलं म्हन. नाही तं तुले बोलंल तो."

आणि मी खरोखरच तसं सांगितलं. दुकानदाराला तिचं दुखणं माहीत होतं. त्यानं अंक पुन्हा दोरीवर टांगला. ताईनं त्यानंतर कॉमिक्स मागितली नाहीत. दोन वर्षांनी, धान कापणीच्या दिवसांत, ती गेली.

मला त्यामागचं कळायला दहाएक वर्षं लागली. मी नोकरीच्या गावाहून आलो होतो. आई लाखोरीची डाळ निवडत होती, आणि विषय कुठून निघाला आठवत नाही. त्या दवाखान्यात ताईच्या शेजारच्या खाटेवर सौंदडची एक मुलगी होती. तेच दुखणं, तोच रक्तगट. रक्ताची बाटली एकच होती. मामाची कंपाउंडरशी ओळख होती. दुसरीला नागपूरला पाठवलं. ती परत आली नाही.

"ताईले माहीत होतं?"

"तिच्या डोऱ्यासमोर झालं. घरी आल्यावर मले म्हने, आई, तिच्या मायले भेटून येऊ का? मी म्हटलं, चूप बस."

मामाच्या जागी मी असतो तर मीही कंपाउंडरलाच गाठलं असतं. त्याला दोष देणं मला जमत नाही. पण ताईला त्यावेळी कोण चुकलं याचा निकाल नको होता. जीव वाचल्यावर माणूस कसा उभा राहतो, एवढंच तिला पाहायचं असावं. तिच्यासारखी एक मुलगी त्या पानावर होती, कागदाची का होईना. ती मी काढून घेतली आणि वर ताईला सांगितलं की असं काही घडतच नाही.

"तुह्यासंगं काही बोलली होती का रे?" आईनं विचारलं. "तुह्यासंगंच बोले ती."

डाळीतले तिचे हात थांबले होते.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

"मंग विसरली असंल," आई म्हणाली आणि पुन्हा डाळ निवडू लागली. मी तिला ते मानू दिलं.