धाकटीच्या आवाजाचे तुकडे

मेंदूच्या प्रयोगशाळेत तिला सगळे टोपीवाली म्हणत. येणाऱ्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची, एकेका भोकातून केस बाजूला सारून जेल भरायचं, आणि पडद्यावर रेघा नीट उमटेपर्यंत माणसाला गोड बोलून बसवून ठेवायचं, हे तिचं काम. गोड बोलण्यात तिचा हात कुणी धरला नसता. आपल्या धाकट्या बहिणीवर मात्र ती जळत होती. थोडीथोडकी नाही, चांगली धुमसत होती.

कारणही तसंच होतं. आईला विसरण्याचा आजार जडला तेव्हापासून आई हिच्याकडे. आंघोळ घालायची हिनं, नाही नाही म्हणत असताना गोळ्या द्यायच्या हिनं, आणि आई विचारणार, "बाई, तुम्ही घरी कधी जाणार? माझी धाकटी येईल आता." धाकटी राहायची विमानानं यायच्या अंतरावर. रविवारी फोनवरून "आईऽऽ" अशी लाडिक हाक मारली की झालं तिचं कर्तव्य. पण त्या हाकेनं आईचा चेहरा असा फुलायचा, की टोपीवालीच्या हातातला चमचा वाटीतच राहायचा. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय! पिकतं तिथं विकत नाही हेही तिला ठाऊक होतं. पण म्हण पाठ असली म्हणून पोटात दुखायचं राहत नाही.

त्या वर्षी प्रयोगशाळेत गॅमा लहरींचं काम निघालं. मेंदूतल्या पेशी गटागटानं एका तालात चेततात आणि त्याच्या लहरी टोपीतून टिपता येतात. गाढ झोपेतल्या लहरी मोठ्या, संथ. गॅमा सगळ्यांत चपळ, सेकंदाला तीस-चाळीस किंवा त्याहूनही जास्त हेलकावे. आवाज, चेहरा, नाव या गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या कोपऱ्यांत असतात. त्या एकमेकींना सापडून 'अरे, ही तर आपली!' असं होतं तेव्हा गॅमा उसळते, असा जाणकारांचा अंदाज. नावं विसरलेल्या माणसांच्या मेंदूत अजून असं काही जुळतं का, हे प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंना पाहायचं होतं. म्हणून घरच्यांचे आणि परक्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज आलटूनपालटून ऐकवायचे. वाक्य सगळ्यांचं एकच, "आज हवा छान आहे."

टोपीवालीनं लगेच आईचं नाव पुढं केलं. आई परक्या हाताला डोक्याशी येऊच देत नसे, तेव्हा टोपी हिनंच चढवायची असंही ठरलं. मनातलं तिनं कुणाला सांगितलं नाही. तोंडानं आई 'बाई' म्हणेना का, आत कुठंतरी थोरलीची ओळख शाबूत असेलच. ती एकदा पडद्यावर दिसावी, एवढंच तिला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर, धाकटीपेक्षा जास्त दिसावी.

आई शहाण्यासारखी बसली. परके आवाज झाले. मग थोरलीचा आवाज आला. आई समोर बघत राहिली. जबडा सैल, खांदे सैल, हात मांडीवर. मग धाकटीचा आवाज आला आणि आई हसली. ओठ, गाल, डोळ्यांच्या कडा, सगळं तोंड भरून हसली. पडद्यावर कानशिलांजवळच्या रेघा दाट काळ्या झाल्या. पुढच्या वेळी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. काचेपलीकडे टोपीवालीच्या अंगाचा तिळपापड होत होता.

दुसऱ्या दिवशी ती रेघा साफ करायला बसली. या कामाचा एक पक्का नियम आहे. गॅमा असते इवलीशी, आणि चेहऱ्याचे स्नायू नेमके तिच्याच पट्टीत बोलतात. माणूस हसला, दात आवळले, की त्या गोंगाटात खरी गॅमा कुठली ते कळत नाही. म्हणून नोंदीतले असे तुकडे काढून टाकायचे. पण हसू ओसरल्यावरचे तुकडे मात्र राखायचे, आणि आई शेवटी शेवटी निवांत झाली होती, त्यामुळे धाकटीच्या आवाजाचे बरेच तुकडे वाचवता आले असते. त्यांतून काय निघेल, हे बघायची टोपीवालीची छाती झाली नाही. तिनं सगळ्यांवर 'स्नायू' अशी खूण केली आणि चांगल्या-वाईटासकट सगळे काढून टाकले. तिच्या कामावर सगळ्यांचा भरवसा होता, कुणी पुन्हा तपासणार नव्हतं.

"धाकट्या मुलीच्या आवाजाचं काहीच उरलं नाही हो," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आई फार हलली, मॅडम."

"असू दे. तुमच्या आवाजाला मात्र गॅमा आहे बरं का. थोडीच आहे, पण परक्यांपेक्षा जास्त. एका माणसावरून छातीठोक काही सांगता येत नाही, तरी आहे."

टोपीवाली तरंगतच घरी गेली आणि चपला काढायच्या आधी तिनं धाकटीला फोन लावला.

"ऐकलंस का? आई ओळखते मला. मशीनवर दिसलंय."

"खरंच? आणि मला गं, ताई?"

"तुझ्या आवाजाचं काही निघालं नाही."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. "मला वाटायचंच. फोन वाजला म्हणून हसत असेल बिचारी, मी कोण ते कुठं कळतंय तिला? ताई, रागावू नकोस, पण मला तुझा फार हेवा वाटतो. तिचे केस विंचरायला मिळतात तुला."

हेवा! इतकी वर्षं जे हवं होतं ते आयतं पदरात पडलं होतं. टोपीवालीला ते गोड लागलं, अगदी मनापासून गोड लागलं. फोन ठेवून द्यावा आणि हे सुख जपावं असंही तिला वाटलं. पण पलीकडचं रडणं थांबेना, आणि लहानपणापासून ते रडणं थांबवायचं काम हिचंच होतं.

"रडू नकोस. तुझे तुकडे मी काढून टाकलेत. काही चांगले होते, तेही काढले. उद्या मॅडमना सांगून परत घालते."

"का काढलेस?"

"का म्हणजे? ती हसत होती. तुझा आवाज लागला की हसायची. इतकी हसली, की रेघ वाचताच येईना."

धाकटी रडता रडता हसली. मग तिनं हळूच विचारलं, "आणि तुझ्या आवाजाला?"

"माझ्या?" टोपीवाली म्हणाली. "माझी रेघ अगदी स्वच्छ आली."