गप्प झालं की थांबायचं

आयलीन थर्लवेल सकाळी वर गेली की संध्याकाळीच खाली यायची. इंग्लंडातल्या संडरलँडला वेअर नदीच्या काठी, जिथं तिच्या बापानं उभी हयात जहाजं जोडण्यात घालवली, तिथंच आता फ्लॅट उभे राहत होते आणि त्या फ्लॅटांच्या डोक्यावर तिची क्रेन होती. शिडी चढताना गुडघे कुरकुरायचे. साठी ओलांडलेल्या बाईचे गुडघे, ते कुरकुरणारच. पण काचेच्या त्या एवढ्याशा खोलीत जाऊन बसली की वयबिय सगळं खालीच राहायचं.

खाली माणसं म्हणायची, वर देव, त्याच्या खाली आयलीन, आणि दोघंही बोलावल्याशिवाय खाली येत नाहीत. कामावरच्या माणसांना थट्टेला कुणीतरी लागतंच. तिला राग यायचा नाही. समोर रोकरचं दीपगृह, त्याच्यापलीकडे समुद्र, आणि सीगल पक्षी तिच्या पायांखालून उडत जायचे. पक्ष्यांच्या पाठी पाहत जगणारी माणसं जगात किती असतील, असं तिच्या मनात यायचं. मग डबा उघडून ती पीज पुडिंग, म्हणजे वाटाण्याचं घट्ट वरण, आणि हॅम घातलेला गोल पाव खात बसायची. वारा आला की खोली हळूच डुलायची आणि तिला वाटायचं, बापानं बांधलेलं एखादं जहाज अजून पाण्यावर आहे आणि आपण त्यात बसलोय.

आजकाल घरं बांधत नाहीत, जोडतात. न्हाणीघरसुद्धा कारखान्यातून तयार होऊन येतं. फरशा लावलेल्या, बेसिन बसवलेलं, आरशावर प्लास्टिक चिकटवलेलं, अशी अख्खी खोली लॉरीवरून उतरते. क्रेननं उचलायची, मजल्यावर नेऊन ठेवायची, की झालं. जुने प्लंबर नाकं मुरडत. आयलीनला मात्र त्याची गंमत वाटायची. एवढी न्हाणीघरं आपल्या हातून गेली, पण दिवसभरात आपल्याला एकाचाही उपयोग नाही, असं ती म्हणायची. वर बसणाऱ्यानं चहा बेतानंच प्यावा लागतो.

आणि गॉर्डन. गॉर्डन क्लॅसपर खाली उभा राहून तिला इशारे द्यायचा. क्रेन भाड्यानं देणाऱ्या एकाच कंपनीत दोघं होती. गेली अठरा-एकोणीस वर्षं जिथं तिची क्रेन जाई तिथं गॉर्डनही जाई. तिला बोजा दिसत नसे तेव्हा तो रेडिओवर बोलायचा आणि ती ऐकेल तसा दांडा हलवायची. त्यांच्या धंद्यातला नियम असा की बोजा हलतो आहे तोवर खालच्यानं बोलत राहायचं. खाली, खाली, खाली. किंवा डावीकडे, डावीकडे, डावीकडे. मध्येच आवाज बंद झाला तर वरच्यानं तिथल्या तिथं थांबायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. गप्प झालं की थांबायचं. "थांब" कुणीही म्हणावं, पण "चल" म्हणायचा हक्क एकाच माणसाला.

त्या चॅनेलवर गप्पा मारायला बंदी. त्यामुळे इतक्या वर्षांत गॉर्डननं तिला आयलीन म्हणून हाकसुद्धा मारली नव्हती. तो तिला "क्रेन" म्हणायचा. त्याचा चहा संपायच्या आत ती वर चढलेली असायची, आणि संध्याकाळी क्रेन वाऱ्याबरोबर फिरेल अशी मोकळी सोडून ती उतरेपर्यंत त्याची बस गेलेली असायची. नवरा वारल्यावर घर अगदी खायला उठलं, तेव्हा तिच्या एक लक्षात आलं. झोप लागताना तिला नवऱ्याचा नाही, गॉर्डनचा आवाज ऐकू यायचा. खाली, खाली, खाली. त्या आवाजाबरोबर ती झोपेत उतरत जायची. ही काही कुणाला सांगायची गोष्ट नव्हे, म्हणून तिनं सांगितली नाही.

आणि आता गॉर्डन निवृत्त होत होता. शुक्रवार शेवटचा. गुरुवारी कँटीनमध्ये केक कापला, तेव्हा ही वरच होती. तिच्या वाटचा तुकडा बाजूला ठेवला होता, तो भलत्याच कुणीतरी खाल्ला. तिला केकचं काही नव्हतं. तिला एक वाक्य बोलायचं होतं, एकदा घरी ये म्हणून, आणि ते शुक्रवारी बोललं नाही तर मग जन्मात बोलणं होणार नव्हतं. शेवटचा बोजा टेकला की चॅनेलवरच बोलायचं, मग नियम गेला खड्ड्यात, असं तिनं ठरवलं. मग ती सीगलांना ऐकवून सराव करत बसली.

शुक्रवारी शेवटचं न्हाणीघर उचललं आणि समुद्रावरून धुकं आलं. त्या किनाऱ्याला ते असंच येतं, न सांगता. बघता बघता नदी गेली, लॉरी गेली, चौथा मजला गेला. आयलीन मात्र वर लख्ख उन्हात बसलेली. खाली सगळीकडे पांढरं पसरलेलं आणि तिचा दोर त्या पांढऱ्यात उतरत गेलेला. त्याच्या टोकाला कुठंतरी आरसा-बेसिनासकट एक खोली लोंबकळत होती.

गॉर्डन चौथ्या मजल्यावर उभा होता. बोजा अगदी जवळ असल्यानं त्याला दिसत होता. टांगून ठेवण्यापेक्षा उतरवलेलं बरं, असं दोघांनी ठरवलं आणि तो बोलू लागला. खाली, खाली, खाली. ती इतकी शांत झाली की जागी आहे की झोपेत, तेच कळेना. तसंच उतरत राहावं, मजला कधी येऊच नये, असं तिला वाटलं.

आणि आवाज बंद झाला.

हात आपोआप थांबला. ती ऐकत राहिली. वाऱ्याशिवाय काही नाही.

"गॉर्डन?"

तिनं रेडिओचं बटण पुन्हा दाबलं. त्याला ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या, हे तिला ऐकून माहीत होतं. खाली धावत जावं तर तेही जमत नाही. बोजा लटकत असताना जागा सोडायची नाही, हाही नियमच. इतकी वर्षं ज्या उंचीवर ती राणीसारखी बसली, ती उंची तिला पहिल्यांदा तुरुंगासारखी वाटली.

तेवढ्यात कॅलम, साइटचा मॅनेजर, फाटकापाशी उभा राहून चॅनेलवर आला. रिकाम्या लॉऱ्या बाहेर पडायला खोळंबल्यात, थोडंसंच राहिलं असेल, उतरवून टाक, असं त्याचं म्हणणं.

"तू माझा इशारेवाला नाहीस, कॅलम," ती म्हणाली. "चौथ्या मजल्यावर कुणाला तरी पाठव आणि गॉर्डनला बघ. तोवर हे इथंच राहील, ख्रिसमसपर्यंत राहिलं तरी."

मग रेडिओ खरखरला.

"कुणाला पाठवू नका. मी आहे."

"बरा आहेस?"

"बरा आहे. फूटभर राहिलंय."

"मग बोल की."

तो म्हणाला, "हे टेकलं की संपलं ना, आयलीन."

सगळ्या साइटनं ते ऐकलं. कुणी हसलं नाही. आयलीनला आधी संताप आला आणि मग डोळ्यांसमोरचं ऊनसुद्धा दिसेनासं झालं.

"मेल्या, मला वाटलं गेलास तू," ती म्हणाली. "टेकव आधी. माझा हात अवघडलाय."

त्यानं टेकवलं. सावकाश, आणि एकदाही न थांबता.

ते वाक्य ती चॅनेलवर बोललीच नाही. क्रेन मोकळी सोडली आणि ती शिडी उतरू लागली, उन्हातून धुक्यात. तळाशी गॉर्डन उभा होता. आवाजाच्या मानानं माणूस बुटकाच. टोपी हातात धरून तो तिच्या बुटांकडे बघत होता. त्याची बस निघून गेली असणार, हे दोघांनाही माहीत होतं.

"रविवारी घरी ये," ती म्हणाली. "स्वयंपाक मला धड येत नाही. पण खिडकीतून समुद्र दिसतो."

गॉर्डननं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बोलावं लागेल का?" त्यानं विचारलं. "मला ते खाली-डावीकडे सोडून फारसं येत नाही."

"गप्प बसलास तरी चालेल," आयलीन म्हणाली. "फक्त मला दिसशील असा बस."