मक्याच्या व्हिस्कीसाठी वलगावपर्यंत

सुखदेवचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी दाढी करत होतो. बायकोनं ते उभ्या उभ्या मोठ्यानं वाचून दाखवलं. "अकोल्याले परमिटच्या दुकानात आपल्या वॉल्टरवाली दारू पाहिली. लेबल तेच हाये. बाटल्या थोड्याच उरल्या. पाह्यजे असन तर लवकर या. मंग वलगावले घरी या." असला मजकूर उघड्या कार्डावर, म्हणजे आमच्या घरी येण्याआधी तो निम्म्या सदाशिव पेठेनं वाचलेला असणार. बायको एवढंच म्हणाली, "या वयात व्हिस्कीसाठी दोन दिवसांचा प्रवास?" पण संध्याकाळी तिनंच वळकटी बांधून ठेवली.

वॉल्टर म्हणजे अमेरिकन सैन्यातला एक ट्रक ड्रायव्हर. युद्धाच्या काळात मी आसामात लष्करी कोठारावर कारकून होतो. पुढं ब्रह्मदेशाकडं जाणारा रस्ता तयार होत होता आणि त्यावर खडी फोडणाऱ्या तुकडीत सुखदेव होता. आमच्या भागातला शेवटचा पूल पुरा झाला त्या दिवशी वॉल्टरनं सीटखालून एक बाटली काढली. त्यांच्याकडं मक्यापासून व्हिस्की करतात, बर्बन म्हणतात तिला. एकच पत्र्याचा मग होता. आम्ही तिघं त्यातूनच प्यालो. मी पुण्याचा ब्राह्मण, सुखदेव वलगावच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतला आणि तिसरा सातासमुद्रापलीकडचा. गेली वीस वर्षं ही गोष्ट मी अभिमानानं सांगत आलो होतो.

मनमाडला गाडी बदलली. भुसावळ मागं पडलं तशी जमीन काळी होत गेली, अगदी तव्यासारखी. जानेवारी होता. पऱ्हाटी (कापसाची झाडं) वेचून झाली होती, तरी काट्यांवर, तारांवर, बाभळींवर कापूस अडकलेला दिसत होता. अकोला स्टेशनबाहेर पडलो तर रस्ताभर कापसाच्या बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग. एका बंडीवाल्याला मी परमिटच्या दुकानाचा पत्ता विचारला. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पुन्याचे हा काय?"

"हो. कशावरून ओळखलंत?"

"दारूचं दुकान इचारता, अन् देवळाचा रस्ता इचारल्यावानी इचारता." त्यानं चाबकानं उजवीकडं दाखवलं. "थे पिवळी इमारत. पारशीणबाईचं."

दुकानात दीनाबाई नावाच्या सत्तरीच्या पारशी बाई बसल्या होत्या. जाड काचांचा चष्मा, डोक्याला पांढरा रुमाल, समोर जाडजूड नोंदवही. त्यांचा जन्म अकोल्याचा, त्यामुळं बोलणं अस्सल वऱ्हाडी. त्यांनी माझं परमिट उलटसुलट करून पाहिलं. दारूबंदीचे दिवस. प्रकृतीसाठी मद्य आवश्यक असल्याचा डॉक्टरी दाखला असेल तरच परमिट मिळे, आणि माझ्या डॉक्टरांनी माझ्या पोटाचं वर्णन जरा सढळ हातानं केलं होतं.

"लई आजारी दिसता," दीनाबाई गंभीरपणे म्हणाल्या. "एवढ्या दूर कशी काय झेपली गाडी?"

मी पोस्टकार्ड काढून दाखवलं. ते वाचल्यावर त्या उठल्या आणि आतल्या कपाटातून बाटली घेऊन आल्या. लेबलावर मक्याचं कणीस, त्याखाली नदी, आणि एका कोपऱ्यात शाईनं हातानं घातलेला आकडा. जवळच्या वीजकेंद्राची यंत्रं बसवायला आलेल्या अमेरिकन इंजिनियरांसाठी त्यांनी परवान्यावर एक पेटी मागवली होती. काम लवकर उरकून ते मायदेशी गेले आणि सहा बाटल्या राहिल्या. ही सारी दारू एकाच पिंपातली. ते पिंप रिकामं झालं की तशी पुन्हा व्हायची नाही, म्हणून प्रत्येक बाटलीवर आकडा.

"कालच एक ठेकेदार आला होता. सहाच्या सहा मागून राह्यला होता. म्या म्हटलं, एका मानसाले एक. घ्यायची तर घ्या, नाई तर रामराम."

मी बाटलीकडं हात नेला. त्यांनी ती मागं घेतली. "न चाखता घेता? गोधडीचं कापड बी मानूस हात लावून घेते."

दुकानाच्या मागं परमिटवाल्यांना बसायची एक खोली होती. एक टेबल, दोन बाकं, कोपऱ्यात माठ. इंजिनियरांनी अर्धवट सोडलेल्या एका बाटलीतले चार थेंब त्यांनी माझ्या तळहातावर टाकले. "चोळा दोन्ही हात. जोरानं. आता ओंजळीत नाक घाला." मी तसं केलं. दारूचा उग्र दर्प उडून गेला होता. मागं राहिला होता तो गुऱ्हाळावरच्या काहिलीचा वास, भाजलेल्या कणसाचा, आणि त्यांच्या खाली कुठंतरी जळक्या लाकडाचा.

"थे लाकूड कोठून आलं, सांगा," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच सांगितलं. एका इंजिनियरानं त्यांना सगळी कृती समजावली होती. ओकच्या लाकडाचं कोरं पिंप आतून जाळून काळं करायचं, त्यात ही दारू भरायची आणि वर्षानुवर्षं विसरून जायचं. रंग आणि गोडी लाकडाची. आणि पिंप एकदाच वापरायचं, दुसऱ्यांदा नाही. मी प्रश्नामागून प्रश्न विचारत राहिलो. पाण्यासारखी पांढरी दारू तांबूस कशी होते? उन्हाळ्यात लाकूड पितं का? मका तर आपल्याकडंही होतो, मग आपण का करत नाही? "तुमी पेता का परीक्षा घेता?" दीनाबाई वैतागून म्हणाल्या.

तरी पेल्यात थोडी ओतून दिली. मी एक घोट घेतला. जिभेवर आधी गोडवा, मग गालांच्या आतून ऊब, आणि गिळल्यावर बराच वेळ छातीत रेंगाळणारा धूर. तीच चव. पूल, वॉल्टरचं मोठं हसणं, ओल्या मातीचा चिखल, सगळं एका क्षणात समोर उभं राहिलं. माझे डोळे भरून आले. दीनाबाईंनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि परमिटावर नोंद करून बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीची एसटी धरली. बाटली वळकटीत, वळकटी मांडीवर. मूर्तिजापूरच्या पुढं गाडीनं असा धक्का दिला की मी बाटलीला पोटाशी कवटाळलं. शेजारच्या बाई विचारू लागल्या, "लेकरू हाये काय आत?" अमरावतीला उतरून आधी गिला वडा खाल्ला. दह्यात भिजवलेला वडा, वर लाल तिखटाचा असा मारा की कान गरम झाले. मग वलगावची गाडी.

सुखदेव फाट्यावर उभा होता. केस पांढरे, पाठ मात्र तशीच ताठ. आता तो बांधकाम खात्यात रस्त्यावरचा मुकादम होता. "मले वाटलंच तुमी येसान," म्हणत त्यानं माझी वळकटी खांद्यावर घेतली. दोन खोल्यांचं नीट सारवलेलं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्याच्या बायकोनं, गिरजाबाईंनी, कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. मी पोटभर जेवलो. जेवणानंतर ओसरीवर बसलो आणि मी मोठ्या थाटात बाटली काढून मध्ये ठेवली.

"पेले आण," मी म्हणालो.

"एकच आनतो. तुमाले." सुखदेव शांतपणे म्हणाला. "म्या सोडली. छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून थेंब नाई. पंचशीलात येते थे."

मी चकित झालो. "मग मला कार्ड का टाकलंस?"

"तुमाले आवडते म्हनून. कामाले अकोल्याले गेलो होतो, दुकानाच्या काचेत लेबल दिसलं, आत जाऊन इचारलं. म्हटलं, जोशीसाहेबाले याद येईन."

मी थोडा हिरमुसलो होतो, आणि ते लपवण्यासाठी माझी नेहमीची गोष्ट काढली. एक मग, दोन देश, तीन माणसं. बाहेर जग एकमेकांच्या उरावर बसलं होतं आणि आपण कसे एका मगातून प्यालो. गिरजाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. माझं संपल्यावर सुखदेव पुढं सरकला. बाटली उचलून त्यानं लेबलावरून अंगठा फिरवला आणि ती परत ठेवली.

"एक सांगू काय? राग नका मानू."

"सांग की."

"पहिल्या फेरीले मग वॉल्टरच्या हातून तुमच्याकडं आला. तुमी तसाच तोंडाले लावला. मंग म्या पेलो. दुसऱ्या फेरीले उलटा फिरला, माह्या हातून तुमच्याकडं आला. तवा तुमी खिशातून रुमाल काढला, अन् काठ पुसला."

"मी? नाही रे. मी असं कधी..."

"पुसला, साहेब. मंग पेले बी. न पेता ठेवला नाई, हे बी खरं हाये. आमच्या गावात तर कोनी हातात धरला नसता. म्हनून तर दोस्ती राहिली." तो हसला, आणि त्या हसण्यात कडवटपणा नव्हता. तेच मला जास्त लागलं. "पन तुमी दरसाली पत्रात थे गोष्ट लिहिता. वाटलं, एकदा अर्धी आपन सांगावी."

गिरजाबाई आत गेल्या. तो मला 'तुमी' म्हणतो आणि मी त्याला अरे-तुरे करतो, हेही तेव्हाच पहिल्यांदा माझ्या कानाला खटकलं. शेवटी मी म्हणालो, "सुखदेव, मला खरंच आठवत नाही."

"तुमाले कायले आठवन?" तो म्हणाला. "चाला, नवा रस्ता दाखवतो."

उन्हं कलेपर्यंत आम्ही त्यानं बांधलेल्या रस्त्यावरून चाललो. खडी कशी दाबली, पाण्याला वाट कुठं ठेवली, मोरीची कमान कशी जमली, हे तो उत्साहानं सांगत होता आणि मी विचारत होतो. एका शेतात हुरडा भाजत होते. त्यांनी बोलावलं, आम्ही गरम कणसं चोळून खाल्ली. संध्याकाळच्या गाडीला त्यानं मला बसवलं आणि बाटली वळकटीत नीट आहे ना, हे स्वतः चाचपून पाहिलं.

परतीच्या सबंध प्रवासात मी तो क्षण आठवण्याचा प्रयत्न करत होतो. पुलाखालचं पाणी दिसत होतं. वॉल्टरच्या बुटांवरचा गाळ दिसत होता. रुमाल काही दिसेना. वीस वर्षं ज्या चवीचा मी थेंब न् थेंब जपला, तिच्या शेजारीच घडलेलं मी इतकं स्वच्छ विसरलो होतो. आणि ज्याच्या बाबतीत ते घडलं तो विसरला नव्हता. तरी पोस्टकार्ड टाकणारा तोच होता.

बाटली अजून आहे. पाहुणे आले की थोडी देतो. मक्याची, एकाच पिंपातली, सहा उरलेल्यांपैकी एक, असं सगळं सांगतो. कुणी विचारतं, ही पहिल्यांदा कुठं प्यालात? मग मी पूल सांगतो, वॉल्टर सांगतो, सुखदेव सांगतो, आणि मी मगाचा काठ पुसला तेही सांगतो. मला आठवत नाही, तरी सांगतो.