चिंचोळीतलं हेल्मेट आणि अम्मांचा नारळ

सोलापूरला कोण हौसेनं जातं, असं घरी विचारून झालं. मी गेले. कॉलेजातली मैत्रीण पद्मा नोकरी सोडून तिथे अमेरिकन फुटबॉलची हेल्मेटं बनवते, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. हा खेळ म्हणजे चेंडूसाठी एकमेकांवर डोक्यानं धडकणं. पद्माचा धाकटा भाऊ वासू अमेरिकेत शिकतो आणि तिथल्या क्लबकडून खेळतो. गेल्या वर्षी डोक्याला मार बसून तो आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून होता. तेव्हापासून हिनं हा उद्योग आरंभला.

पुण्याहून एसटीनं निघालात तर बायकांना अर्धं तिकीट. रस्ता झकास आहे. सोलापूरच्या अलीकडेच चिंचोळी एमआयडीसी लागते, तिथेच उतरा. मी झोपेत पुढे गेले आणि रिक्षानं परत आले.

पद्माच्या शेडमध्ये नवं चाचणी यंत्र आलं होतं. लोखंडी डोक्याला हेल्मेट घालून उंचावरून आपटायचं. आतल्या डोक्याला बसलेला धक्का पडद्यावर आकड्यात दिसतो, जितका कमी तितकं छान. हेल्मेटच्या आत टॉवेलसारखे विणलेले थर. तिच्या वडिलांचे यंत्रमाग होते, म्हणून हे सुचलं.

चाचणीआधी पद्माच्या आईनं, अम्मांनी, यंत्राला हळदकुंकू वाहिलं.

"अम्मा, नारळ बाहेर फोड," पद्मा म्हणाली.

"मागाच्या पायाशीच फोडतो की आपण. हितं का न्हाय?" म्हणत त्यांनी यंत्राच्या पायाशी फोडलासुद्धा.

आकडा इतका छान आला की आम्ही नाचलो. वासूकडे असंच एक हेल्मेट आधीच पोचलं होतं. "शनिवारच्या सामन्यात घाल बिनधास्त," पद्मानं कळवलं. रात्री कडक भाकरी आणि शेंगा चटणी. चटणी आधी जराशीच घ्या, मी शहाणपणा केला आणि रडले.

शनिवारी सकाळी या ब्लॉगसाठी मी म्हटलं, "एकदा हेल्मेटशिवाय आपट ना, फरक दिसेल."

उघडं लोखंडी डोकं दाणकन आदळलं. आकडा तसाच, छान.

पद्मानं वाकून यंत्राखाली पाहिलं. यंत्राच्या पायाशी धक्का मोजणाऱ्या वायरचा जोड होता. नारळाचं पाणी त्यात उतरलं होतं.

तिनं ताबडतोब फोन लावला. "वासू, हा सामना खेळू नकोस. कालची चाचणी खोटी होती."

"आक्का, पहिल्यांदा मुख्य संघात घेतलंय मला! जुनं घालतो."

"ज्यानं अंधारात झोपवलं ते?"

फोन कापला गेला. अम्मांनी पुन्हा लावला आणि तेलुगूत बोलल्या. मला तेलुगू कळत नाही, पण त्या रडत होत्या ते कळलं. फोन ठेवून म्हणाल्या, "चूक माजी हाय म्हनून सांगितलं. खेळनार न्हाय म्हनाला. पर लई रागावलाय."

मी परतले ती मनात खट्टू होऊन. हुरडा, चादरी, सगळं राहिलं. सोलापूरला जाणार असाल तर दोन दिवस जास्त ठेवा.

काल पद्माचा फोन आला. नवा जोड बसवून चाचणी घेतली. समोरच्या माराला हेल्मेट पास. बाजूच्या माराला साफ नापास, आणि हेच घालून वासू खेळणार होता. थर पुन्हा विणायला घेतलेत. हा निकाल तिनं वासूला कळवला. त्या शनिवारनंतर तो अम्मांशी बोलला नव्हता. निकाल वाचल्यावर त्यानं आधी त्यांनाच फोन केला.


"काय म्हणाला?" मी विचारलं.

"अम्मा, जेवलीस का, एवढंच विचारलं. आणि बराच वेळ फोन ठेवलाच नाही."